किल्ल्यांआधीचा किनारा

अलिबाग, रेवदंडा, मुरूड म्हटलं की आधी किल्ले आठवतात. शाळेच्या सहलीपासून कुलाबा, कोर्लई, जंजिरा पाहत आपण मोठे होतो आणि रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास पोर्तुगीज, सिद्दी, आंग्रे यांच्यापासून सुरू होतो, अशी समजूत पक्की होऊन बसते. अमेरिका खंडाच्या पुरातत्त्वात 1492च्या आधीच्या सगळ्या काळाला कोलंबसपूर्व म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर तशी रेघ ओढायची तर ती 1505 साली ओढावी लागेल. त्या वर्षी पोर्तुगीज आरमार चौलला आलं. रेघेच्या पलीकडे किमान दीड हजार वर्षांचा काळ आहे, लेण्यांचा, ताम्रपटांचा, नाण्याखापरांचा. फरक एवढाच, की कोलंबसपूर्व अमेरिकेला आपल्याकडच्या जगाची खबर नव्हती, तर आपला किनारा तांबड्या समुद्राशी आणि इराणच्या आखाताशी केव्हाच बांधला गेला होता. बांधणारा दुवा होता खाड्यांचा. राजसत्ता, धर्म आणि शेती, तिन्ही गोष्टी इथे खाडीच्या काठाने वाढल्या.

राजपुरीची खाडी घ्या. जंजिऱ्याच्या बाजूने आत शिरलं की ती मांदाडपर्यंत जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या पुस्तकात कल्याणच्या पुढे सेमुल्ला आणि मंदगोरा ही बंदरं येतात. सेमुल्ला म्हणजे चौल. मंदगोरा म्हणजे हे मांदाड असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. मांदाडजवळच्या डोंगरात कुडे लेणी आहेत, एकूण 26. ती पाहायला जाणारे फार थोडे. खरं तर तिथले ब्राह्मी लेख म्हणजे त्या काळच्या बंदरपट्ट्याची हजेरीच आहे. महाभोज मांदव खंदपालित हा इथला सत्ताधीश. त्याची ओळख आईच्या नावाने दिली आहे: महाभोजी सादगेरी विजया हिचा मुलगा. लेणी मात्र एकट्या राजाने कोरवलेली नाहीत. दात्यांत त्याच्या पदरचा लेखक आहे, वैद्य आहे, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. अयितिलू नावाच्या ब्राह्मणाची पत्नी भयिला हिने बौद्ध चैत्यगृह दान दिलं, हेही तिथे कोरलेलं आहे. ब्राह्मणाच्या घरातली बाई बौद्ध उपासिका होती आणि स्वतःच्या नावाने दान देत होती. त्या काळाच्या धर्माबद्दल बोलताना आपण जे कप्पे पाडतो, ते भयिलेच्या त्या एका ओळीपुढे टिकत नाहीत. कऱ्हाडचं नाव तर फारच मोलाचं, कारण त्यातून घाटावरच्या बाजारपेठेपासून या खाडीपर्यंतची मालाची वाट दिसते.

चौलची कथा कुंडलिकेच्या खाडीची. डेक्कन कॉलेजने तिथे केलेल्या उत्खननामुळे या बंदराचा माग सातवाहन काळापर्यंत नेता येतो. इ.स. 916च्या सुमारास अल् मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. शिलाहार राजा झंझ याच्या राज्यातल्या या गावात सुमारे 10,000 मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आहेत आणि त्यांचे व्यवहार पाहायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असं त्याने लिहून ठेवलं. याच झंझाने शिवाची बारा देवळं बांधल्याचं शिलाहारांचे ताम्रपट सांगतात. यात विसंगती काहीच नाही. बंदराची जकात हा राज्याचा प्राण होता, आणि परका व्यापारी निर्धास्त राहिला तरच जकात येते, हे त्या राजाला नीट ठाऊक होतं. चौलच्या टेकडीवरच्या जुन्या लेण्यांशेजारी आज हिंगळाजदेवी आहे. तिचं मूळ ठाणं पार बलुचिस्तानात.

घारापुरीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. उरण तालुक्यातल्या या बेटावरचं मुख्य लेणं सहाव्या शतकातलं. ते शैवांच्या पाशुपत पंथाचं असल्याचं तिथली लकुलीशाची मूर्ती सांगते. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची हलक्या किमतीची नाणी मोठ्या संख्येने सापडली. पाथरवटांची मजुरी त्यांतून दिली गेली असावी, हे अभ्यासकांचं अनुमान मला पटतं. पुढे चालुक्य दुसऱ्या पुलकेशीने शेकडो जहाजं घेऊन कोकणच्या मौर्यांची राजधानी पुरी जिंकली, असं 634 सालचा ऐहोळेचा शिलालेख सांगतो. ही पुरी म्हणजे घारापुरी की राजपुरी, हा वाद जुना आहे. दोन्ही जागा रायगडच्याच किनाऱ्यावरच्या, आणि दोन्ही आरमाराच्या टप्प्यातल्या.

मौर्यांच्या याच घराण्यातल्या अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट गोव्यात बांदिवड्याला सापडला. बांध घालून खाजण जमीन लागवडीखाली आणण्याचा उल्लेख त्यात आहे. म्हणजे खाऱ्या पाण्याला अडवून भात पिकवण्याची विद्या कोकणात दीड हजार वर्षं जुनी. अलिबाग-पेणच्या खारेपाटात आजही शेतकरी तेच करतो. भरतीचं पाणी रोखायला मातीचा बांध, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी. बांधाला एक खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मिठाने मारलेली जमीन पुन्हा भाताला यायला काही पावसाळे जावे लागतात. असा बांध एकट्या कुळाचं काम नव्हे; गावाने एकत्र यावं लागतं. त्या काळच्या गावाचं ताट मात्र आज ओळखू येणार नाही. मिरची, काजू, पपई, पेरू ही सगळी अमेरिकेची पिकं पोर्तुगिजांच्या नंतरची. तिखटाला मिरी आणि पिंपळी होती. नारळ होता, आणि लेण्यांना दान म्हणून हजारोंनी नारळीची झाडं दिल्याचं नाशिकच्या लेण्यातला उषवदात या दात्याचा लेख सांगतो.

शेतातलं हे धान्य देवीपर्यंत कसं पोचत होतं, ते अलिबागजवळच्या अक्षीच्या शिळेवर दिसतं. वर सूर्य-चंद्र, मध्ये मजकूर, खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचं शापशिल्प. पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणाऱ्या केशिदेवाच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडण या विधीसाठी धान्याची नेमणूक केली, तीही मराठीत. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावर शके 934, म्हणजे इ.स. 1012, असा काळ वाचला. काही अभ्यासक शिळा नंतरची मानतात; तुळपुळ्यांचं वाचन धरलं तर ती सर्वांत जुन्या मराठी लेखांत बसते.

शिलाहारांचा शेवटही पाण्यातच झाला. 1265च्या सुमारास यादव महादेवाच्या सैन्यापुढे माघार घेत शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रावर गेला आणि तिथेच बुडाला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो.

कुडे लेण्यांना संरक्षण आहे, घारापुरी 1987पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात, विहिरीच्या काठाला पडलेले अनेक गद्धेगाळ, म्हणजे अक्षीसारखे गाढवाच्या शापशिल्पाचे दगड, आणि वीरगळ कोणाच्याच यादीत नाहीत. रस्ते रुंद होताहेत, वाड्या विकल्या जाताहेत, खाजणांवर भराव पडतो आहे. एखाद्या तालुक्यातल्या महाविद्यालयांनी गावं वाटून घेतली, प्रत्येक दगडाचं छायाचित्र, माप आणि जागा टिपली, तरी पुढच्या अभ्यासकाला कामाला लागता येईल. गावातल्या जुन्या माणसांना हे दगड कुठे आहेत ते अजून ठाऊक आहे. विचारायला त्यांच्याकडे या वर्षीच जायला हवं.