पारंपरिक जपानी खेळांवरील ॲनिमे मालिका

गो, करुता आणि शोगी या जपानमधील पारंपरिक बैठ्या खेळांभोवती अनेक ॲनिमे मालिकांचे कथानक गुंफलेले आहे. खेळाचे नियम ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही डावातील चुरस कळावी, अशी त्यांची मांडणी असते. 'हिकारू नो गो', 'चिहायाफुरू' आणि 'सान्गात्सु नो लायन' या त्यांपैकी प्रसिद्ध मालिका होत. तिन्ही मालिका मांगा म्हणजे जपानी चित्रकथांवर आधारित आहेत.

हिकारू नो गो

युमी होत्ता (लेखन) व ताकेशी ओबाता (चित्रे) यांच्या मांगावरील ही ७५ भागांची मालिका २००१ ते २००३ या काळात प्रसारित झाली. हिकारू या शाळकरी मुलाला आजोबांच्या जुन्या सामानात गोचा पट सापडतो आणि त्यात वास करणारा हेइआन काळातील निष्णात खेळाडू साइ याचा आत्मा त्याला दिसू लागतो. साइला सोंगटी उचलता येत नाही. तो सांगेल तेथे हिकारू ती ठेवतो. नायक अनभिज्ञ असल्याने प्रेक्षकही त्याच्यासोबत खेळाची धुळाक्षरे गिरवतो. पटावरील ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून अधिक प्रदेश वेढणे, हे गोचे सूत्र आहे. वडीलधाऱ्यांचा समजला जाणारा हा खेळ या कथेमुळे जपानी मुलांत लोकप्रिय झाला.

चिहायाफुरू

युकी सुएत्सुगु यांच्या मांगावरील या मालिकेचे तीन हंगाम २०११ ते २०२० या काळात आले. तिचा विषय स्पर्धात्मक करुता हा आहे. १३व्या शतकात फुजिवारा नो तेइका यांनी संकलित केलेल्या मानल्या जाणाऱ्या १०० कवितांचे उत्तरार्ध १०० पत्त्यांवर छापलेले असतात; त्यांपैकी ५० पत्ते डावात मांडतात. वाचक कविता म्हणू लागताच तिचा पत्ता प्रतिस्पर्ध्याआधी टिपावा लागतो. सात कविता पहिल्या अक्षरावरूनच ओळखता येतात. न मांडलेल्या पत्त्यांच्या कविताही वाचल्या जात असल्याने पाठांतराइतकाच संयमाचाही कस लागतो.

सान्गात्सु नो लायन

चिका उमिनो यांच्या मांगावरील ही ४४ भागांची मालिका २०१६ ते २०१८ या काळात प्रसारित झाली. शोगी हा बुद्धिबळाच्या कुळातील खेळ असून त्याचे मूळ भारतीय चतुरंगात असल्याचे मानले जाते. ८१ घरांच्या पटावर मारलेले मोहरे आपल्या बाजूने पुन्हा उतरवता येते, हे त्याचे वैशिष्ट्य. नायक रेइ किरियामा हा लहानपणी कुटुंब गमावलेला व्यावसायिक शोगीपटू आहे. आसरा मिळावा म्हणून आपल्याला शोगी आवडते, असे तो खोटेच सांगतो. पुढे तोच खेळ त्याच्या उपजीविकेचे साधन होतो.

तुलना

खेळाची तोंडओळख करून घेण्यास 'हिकारू नो गो' अधिक उपयुक्त ठरते. अभिजात जपानी काव्यात रुची असणाऱ्यांस 'चिहायाफुरू' जवळची वाटते. 'सान्गात्सु नो लायन'मध्ये डावपेचांपेक्षा एकाकीपणा आणि माणसांतील जिव्हाळा यांना अधिक महत्त्व आहे.