घर बदलताना फायबरची निवड : शिरूर-दौंडच्या घरांसाठी

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या तालुक्यांत घर बदलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला लागलेली माणसे शिरूर, कारेगाव, रांजणगाव इथे भाड्याने राहतात आणि सोयीचे घर मिळाले की हलतात. दौंडला रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल यांच्यामुळे बदल्यांची ये-जा चालू असते. कुरकुंभच्या कारखान्यांमुळेही नवी बिऱ्हाडे येतात. सामान उतरवल्याबरोबर जे लागते, त्यात विजेच्या जोडीला आता इंटरनेटही आले आहे.

इथे कनेक्शन निवडताना कंपनीचे नाव किंवा जाहिरातीतला वेग नंतर पाहावा. आधी दोन गोष्टी विचाराव्यात : नव्या घराच्या गल्लीत कोणाची केबल आली आहे आणि ती तुटली तर जोडायला कोण येते? शहरातल्या मोठ्या सोसायटीत अनेकदा दोन-तीन पर्याय दाराशी असतात. तालुक्याच्या गावात मात्र एका आळीत मिळणारी सेवा पुढच्या आळीत मिळेलच असे नाही. दौंडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात रुळांपलीकडे केबल न्यायला रेल्वेची परवानगी लागते. त्यामुळे एका बाजूला असलेली सेवा दुसऱ्या बाजूलाही असेल, असे गृहीत धरू नये. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची, आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना 2011 मध्ये मंजूर झाली. पण पंचायतीत फायबर आले म्हणजे ते घराघरांत पोहोचले असे होत नाही.

सेवा देणारे साधारण चार प्रकारचे असतात. पहिली बीएसएनएलची भारत फायबर. तिची घरापर्यंतची जोडणी आणि दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार पाहतात. दुसऱ्या जिओ आणि एअरटेलसारख्या खासगी कंपन्या. तिसरी रेल्वेच्या रेलटेल कंपनीची रेलवायर. ती रुळांलगतच्या फायबरच्या जाळ्यावर उभी आहे आणि स्थानिक भागीदारांमार्फत घरी येते. चौथे म्हणजे गावातले केबलचालक आणि छोटे इंटरनेट पुरवठादार. मळ्यातल्या किंवा वस्तीवरच्या घरापर्यंत केबल येत नसेल, तर एअरफायबर हा पर्याय उरतो. नावात फायबर असले तरी ती 5जी लहरींवर चालणारी बिनतारी सेवा आहे. घरावर अँटेना बसते आणि वेग टॉवरच्या सिग्नलवर ठरतो.

फायबरचे काम कसे चालते हे कळले की बिघाडही समजतो. कंपनीच्या केंद्रातून निघालेला काचेचा एक तंतू वाटेत स्प्लिटरमधून 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. प्रचलित जीपॉन पद्धतीत या सर्व घरांना मिळून सुमारे 2.5 गिगाबिटचा वेग असतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. केंद्राला आणि घरातल्या राउटरच्या डब्याला लागते. म्हणून वीज गेल्यावर इंटरनेट हवे असेल, तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा आणि केंद्राला बॅटरी किंवा जनरेटर आहे का, हेही विचारावे. डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाशाचा सिग्नल पोहोचत नाही, म्हणजे बहुधा केबल तुटली किंवा दुमडली आहे. खांबांवरून लोंबणारी केबल ऊसतोडीच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉलीत अडकू शकते, तर जमिनीखालची रस्त्याच्या खोदकामात तुटू शकते. अशा वेळी जवळचा, फोन उचलणारा लाइनमन मोलाचा ठरतो. त्याची खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे : त्याच गल्लीतल्या दोन-तीन घरांत जाऊन रात्री आठ-नऊच्या सुमारास वेग किती मिळतो आणि मागच्या वेळी दुरुस्तीला किती दिवस लागले, हे विचारावे.

वेगाच्या आकड्यांनी दबून जाऊ नये. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, फाइलच्या मापात 12.5 मेगाबाइट. एचडी चित्रपटाला साधारण 5 एमबीपीएस आणि फोर-केला 15 एमबीपीएस पुरतात. चौघांच्या घराला 50 एमबीपीएस बहुधा पुरे होतात. घरून काम करणाऱ्याने अपलोडचा वेगही विचारावा. दर ऐकताना त्यात 18 टक्के जीएसटी धरला आहे का, जोडणीचे आणि राउटरचे पैसे वेगळे आहेत का, किती डेटानंतर वेग कमी होतो, हे लिहून घ्यावे.

आधीचे कनेक्शन असेल, तर घर सोडण्यापूर्वीच नव्या पत्त्यावर ते हलवता येते का, हे विचारावे. येत नसेल, तर ते रीतसर बंद करावे, डबा परत केल्याची पावती आणि अनामत रक्कम घ्यावी. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकाची परवानगी घ्यावी.

ग्राहकाला नियमांचाही आधार आहे. दूरसंचार नियामक ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. पैसे भरल्यानंतर सात दिवसांत जोडणी देण्याचा निकष त्यांत आहे, तर तीन दिवसांत बिघाड दुरुस्त झाला नाही, तर भरपाईची तरतूद आहे. तक्रार करताना तिचा क्रमांक घ्यावाच. कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सूट मिळते. पण नव्या घरात पहिला महिना मासिक योजनाच घ्यावी. त्या महिन्यात संध्याकाळचा वेग आणि दुरुस्तीची तत्परता पारखून मगच लांबची योजना घेणे शहाणपणाचे.