हेडलाइटचा डूम खोलताय? आधी त्याचा गम बघा

प्रोजेक्टर बसवायच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "सर, डूम किती डिग्रीला खोलायचा?" प्रश्न बरोबर आहे, उत्तर खाली देतोच. पण दुकान चालवणाऱ्याने त्याआधी स्वतःला वेगळा प्रश्न विचारायला हवा. हा डूम नीट परत बंद होणार आहे का?

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. कोल्हापुरात दुकान, जूनचा शेवटचा आठवडा. एका हॅचबॅकचे दोन्ही डूम खोलले, प्रोजेक्टर टाकले, आतली क्रोमची पट्टी काळी केली. मजुरी घेतली ३,५०० रुपये. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. पंधरा दिवसांनी तो आंबोलीला जाऊन आला आणि डाव्या डूममध्ये बोटभर पाणी! रिफ्लेक्टरवर डाग पडले होते, ते पुसून जात नाहीत. नवीन डूम १४,००० ला आणून दिला, वर प्रोजेक्टर परत बसवायची मजुरी फुकट. म्हणजे तशी चार कामं पैसे न घेता केल्यासारखं झालं. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण परत आलेल्या कामाचा खर्च रेटमध्ये धरायचा असतो हे मला त्या डूमने शिकवलं.

आता गमाकडे येऊ. काच आणि मागची बॉडी जिथे जुळते तिथल्या खाचेत सील असतं. ते दोन प्रकारचं सापडतं. एक ब्युटाइल. काळं, चिकट, सुईने टोचलं की च्युइंगगमसारखी तार निघते. हे गरम केलं की मऊ पडतं आणि थंड झालं की परत धरतं. दुसरं, ज्याला आपल्या लाइनमध्ये परमासील म्हणतात. हे टोचलं तर टायरच्या रबरासारखं लागतं, तार येत नाही. हे कितीही तापवा, मऊ होणार नाही. तुम्ही तापमान वाढवत राहाल आणि गमाच्या आधी प्लॅस्टिक वाकेल. असा डूम कापूनच खोलावा लागतो, काचेची कड चिरायची भीती असते. त्यामुळे रेट सांगण्याआधी मागच्या बाजूने सुई टोचून बघायची. दोन मिनिटांचं काम आहे. परमासील निघालं तर मी सरळ नाही म्हणतो.

ब्युटाइल असेल तर ओव्हन आधी १०० अंशांवर तापवून घ्या आणि डूम आत ८ ते १० मिनिटं ठेवा. काच म्हणजे खरंतर काच नाही, पॉलिकार्बोनेट असतं. ते १४५ अंशांच्या आसपास मऊ पडतं. ऐकायला मोठी फट वाटते, पण ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. डूम जाळीवर थेट न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. ओव्हनमध्ये घालण्याआधी बल्ब, रबरी झाकणं आणि इलेक्ट्रॉनिक भाग काढायचे. कडेचे स्क्रू आणि लॉकही काढायचे. एक स्क्रू विसरला की ओढताना बॉडीचा कान तुटतो. हातमोजे घालून कोपऱ्यातून सुरुवात करा, प्लॅस्टिकच्या पट्टीने. जड जातंय असं वाटलं तर जोर नको, परत पाच मिनिटं आत.

आतल्या कामात तीनच गोष्टी बिघडतात. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, त्याला कापड लावायचं नाही, फक्त हवा मारायची. काचेला आतून थिनर लावायचं नाही, बारीक तडे जातात. आणि रंग मारला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय डूम बंद करायचा नाही. ओल्या रंगातून निघालेली वाफ दिव्याच्या उष्णतेने काचेवर जाऊन बसते आणि आतून धुरकट दिसायला लागतं. इन्स्टंट गमाचंही तेच, पांढरी भुकटी धरते. मी रंगवलेली पट्टी किमान दोन दिवस बाहेर ठेवतो. गिऱ्हाईक "आजच द्या" म्हणालं तरी.

सील करताना जुना गम खाचेतून पूर्ण काढा. नव्यावर नवा नीट धरतो, धुळीवर धरत नाही. नवीन ब्युटाइलची दोरी न ओढता, न तोडता पूर्ण गोल फिरवून टाका आणि दोन टोकं एकमेकांवर थोडी चढवा. बहुतेक वेळा पाणी या जोडातूनच शिरतं, म्हणून जोड खालच्या नाही, वरच्या नाही, बाजूच्या कडेला ठेवा. परत ओव्हन, मग दाबून स्क्रू, लॉक आणि शिकंजे लावून थंड होऊ द्या.

आणि आता ती चूक, जी माझ्याकडून झाली होती. भीतीपोटी मी बाहेरून सगळीकडे सिलिकॉन फासलं, मागची श्वासाची नळीसुद्धा बंद केली. मित्रांनो, डूम हवाबंद डबा नसतो. ५५ वॉटचा बल्ब लागला की आतली हवा फुगते, बाहेर जाते. तापलेल्या काचेवर पाऊस पडला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत खेचते. नळी उघडी असेल तर हवा तिथून येते. नळी बंद असेल तर सील जिथे कच्चं तिथून, आणि हवेबरोबर पाणीही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात वापरू नका, त्यातलं ॲसिड रिफ्लेक्टरचा थर खातं.

तपासायला मोठं मशीन लागत नाही. बाकीची भोकं बंद करून एका नळीतून तोंडाने हवा फुंका आणि कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तिथे गळती. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, चांगलं सीलही फाटेल. गाडी देताना गिऱ्हाइकाला फरकही सांगा: सकाळी काचेवर हलकी वाफ दिसली आणि लाइट लावल्यावर अर्ध्या तासात गेली तर काळजी नाही. थेंब ओघळले तर लगेच घेऊन या.

लाइट बसवल्यावर बीम न लावता गाडी सोडणारे बरेच आहेत. पाच मीटरवरच्या भिंतीवर लो बीमची वरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. प्रोजेक्टर विकत घेतानाच बघा की रेघ डावीकडे चढते. चीन किंवा अमेरिकेतल्या रस्त्यांसाठीचा माल असेल तर ती उजवीकडे चढते, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०६ व्या नियमात दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिपवू नये असंच सांगितलंय. साध्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता जास्त उजेडाचा बल्ब मागणाऱ्यालाही मी हे भिंतीवर दाखवतो, पसरलेला उजेड त्याचा त्यालाच कळतो.

रेटचं बोलू. कोणतंही काम घेण्याआधी मी पार्ट्सच्या दुकानात फोन करून त्या गाडीच्या नवीन डूमची किंमत विचारतो. दहातलं एक काम परत खोलावं लागेल, अर्धा दिवस जाईल, असं धरतो. म्हणून तेव्हाची ३,५०० ची मजुरी ५,५०० केली, आणि सीलची सहा महिन्यांची गॅरंटी दिली, मधे पावसाळा आला तरी. डूम महाग असेल, एकात्मिक एलईडीवाला, तर मजुरी त्याच्या किमतीकडे बघून ठरते. काम तेवढंच असलं तरी बिघडलं तर भरायचं मलाच आहे. काही गिऱ्हाइकं गेली, खरंय. जी गेली ती बहुतेक पुढच्या गल्लीत २,००० मध्ये करून घेतात. त्यांतली काही ऑगस्टमध्ये माझ्याकडे येतात, पण दुसऱ्याने खोललेल्या डूमला मी गॅरंटी देत नाही.

काम घेताना छापील चिठ्ठी भरतो. डूमवर आधीचे ओरखडे, तुटलेले कान, गमाचा प्रकार, आणि कंपनीची त्या भागाची वॉरंटी जाऊ शकते ही ओळ. खाली गिऱ्हाइकाची सही. चिठ्ठीचा आणि दोन्ही डूमचे मिळून चार फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर जातात, आणि मगच ओव्हन चालू होतो.