फाइलच सांगते, मला काय हवे!

घरात लग्नकार्य निघाले म्हणजे शंभर माणसांचा भात शिजेल एवढे पातेले कोणी विकत आणत नाही. अशी भांडी गावच्या मंडळाकडे किंवा देवळात असतात. ज्याच्या घरी कार्य असेल तो ती घेऊन जातो आणि काम झाले की परत करतो. संगणकातही हाच शहाणपणा चालतो. चित्रे दाखवणारा प्रोग्रॅम असो की गाणी वाजवणारा, फाइल उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, स्मृतीतील मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी उतरवणे ही कामे सर्वांनाच करावी लागतात. ती प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगवेगळी लिहिण्याऐवजी एकदाच लिहून एका सामाईक फाइलीत ठेवतात. तिला म्हणतात शेअर्ड लायब्ररी.

यात जागा वाचते, पण खरा फायदा दुसराच आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती त्यातून परक्याच्या हाती लागू शकत होती. जेथे ही लायब्ररी सामाईक होती, तेथे दोष काढण्यासाठी तेवढी एकच लायब्ररी बदलून तिचे प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणे पुरले.

पण उसनवारी म्हटली की काळजी आलीच. ऐन कार्याच्या दिवशी पातेले जागेवर नसले तर? लायब्ररी सापडली नाही तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, एक कोरडा निरोप देऊन थांबतो. म्हणून लिनक्स प्रणालीत प्रोग्रॅमचे पॅकेज बांधताना त्यासोबत एक यादी जोडतात: हे चालायला अमुक अमुक पॅकेजे आधी हवीत. आता प्रश्न असा, की ही यादी करायची कोणी?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, असे तुम्ही म्हणाल. पण माणूस विसरतो, आणि लायब्रऱ्या तर सतत बदलत असतात. डेबियन ही इअन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली लिनक्स प्रणाली घ्या. तिच्यातली हजारो पॅकेजे जगभरचे स्वयंसेवक बांधतात. प्रत्येकाने आठवून आठवून यादी लिहायची ठरवली असती, तर रोज कोठे ना कोठे काहीतरी अडले असते! म्हणून तेथे हे काम ‘डीपीकेजी-शलिबडेप्स’ नावाचे एक साधन करते. नाव घेताना जीभ अडखळते खरी, पण त्याची रीत मात्र अगदी सरळ आहे. ते कोणालाच काही विचारत नाही. तयार झालेली फाइल उघडते आणि वाचते.

लिनक्सवर चालणाऱ्या फाइलींची घडण ‘एल्फ’ या आराखड्याप्रमाणे असते. अशा फाइलीच्या पहिल्या बाइटचे मूल्य १२७ असते आणि पुढच्या तीन बाइटांत ई, एल, एफ ही रोमन अक्षरे असतात. पुढे आत एक छोटा तक्ता असतो. ‘मला या लायब्रऱ्या लागतात’ अशा नोंदी त्यात एकेका ओळीने केलेल्या असतात. गंमत म्हणजे या नोंदी कोणी हाताने टाइप केलेल्या नसतात. प्रोग्रॅमचे भाग एकत्र सांधणारे ‘लिंकर’ नावाचे साधन लायब्ररीच्याच पोटात लिहिलेले तिचे नाव उचलून येथे उतरवते. तुमच्या शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल, तर ‘रीडएल्फ’ ही आज्ञा चालवून हा तक्ता दाखवायला शिक्षकांना सांगा. बहुतेक फाइलींत ‘लिबसी डॉट एसओ डॉट ६’ हे नाव दिसेल. जुन्या प्रोग्रॅमांशी अजिबात जुळणार नाही असा बदल लायब्ररीत झाला, तरच शेवटचा ६ हा आकडा बदलायचा असतो.

नाव मिळाले की आपले साधन ती लायब्ररी संगणकावर शोधते आणि ती कोणत्या पॅकेजातून आली हे डेबियनच्या नोंदवहीत पाहते. उत्तर येते, ‘लिबसी६’. झाली का यादी? नाही. लिबसी६ हवे खरे, पण किती नवे?

इथे कामाचे खरे कौशल्य आहे. लायब्ररीत शेकडो कृती असतात आणि प्रत्येक कृती केव्हातरी पहिल्यांदा आलेली असते. कोणती कृती कोणत्या आवृत्तीपासून मिळते, याचे एक टिपण लायब्ररीच्या पॅकेजासोबत ठेवलेले असते. समजा, २०१७ च्या डेबियन ९ वर आपण एक प्रोग्रॅम बांधला. त्या संगणकावर लायब्ररीची आवृत्ती होती २.२४. आपला प्रोग्रॅम अक्षरे छापणारी ‘प्रिंटएफ’ आणि मजकूर उतरवणारी ‘मेमकॉपी’ या कृती वापरतो. प्रिंटएफवर शिक्का आहे २.२.५ चा आणि मेमकॉपीवर २.१४ चा. साधन यांतला मोठा आकडा घेते आणि यादीत लिहिते: लिबसी६, निदान २.१४. बांधणाऱ्याकडे २.२४ आहे म्हणून सगळ्यांनी २.२४ आणा, असा हट्ट ते धरत नाही. त्यामुळे हे पॅकेज २०१५ च्या डेबियन ८ वरही बसू शकते, कारण तेथे २.१९ आहे. २०१३ च्या डेबियन ७ मध्ये मात्र २.१३ होती, तेथे ते बसणार नाही. (गणिताच्या तासाची सवय इथे बाजूला ठेवा बरे! २.१४ ही दशांश संख्या नव्हे. आवृत्त्यांच्या हिशेबात २.१४ ही २.४ पेक्षा मोठी.)

मेमकॉपीसारख्या साध्या कृतीला नवा शिक्का का लागला, तेही ऐकण्यासारखे आहे. २०१० च्या सुमारास तिचा वेग वाढवण्यासाठी काही प्रोसेसरांवर मजकूर उलट्या क्रमाने उतरवणे सुरू झाले. ज्या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तेथे मेमकॉपी वापरू नये, हा नियम जुनाच. पण काही प्रोग्रॅम तो मोडत होते. फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. तेव्हा २०११ मधील २.१४ आवृत्तीत वेगवान कृतीला नवा शिक्का मिळाला आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठी जुन्या शिक्क्याची सुरक्षित कृतीही तेथेच राहिली.

हे साधन चोखंदळ आहे. एखादी लायब्ररी नुसतीच जोडलेली असेल आणि तिच्यातली एकही कृती वापरलेली नसेल, तर ‘ही उगाच बाळगली आहे’ असा इशाराही ते देते. पण जे तक्त्यात लिहिलेलेच नाही ते त्याला दिसत नाही. काही प्रोग्रॅम सुरू झाल्यावर, गरज पडेल तेव्हा ‘डीएलओपन’ या आज्ञेने लायब्ररी मागवतात. तिची नोंद तक्त्यात नसते.

अशा मागवण्याला २०२४ मध्ये अचानक महत्त्व आले. मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने छडा लावला, तेव्हा ‘लिबएलझेडएमए’ या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा ठेवलेला सापडला. दूरवरून प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमला मुळात ही लायब्ररी लागतच नाही! पण डेबियनसारख्या काही प्रणालींनी त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या तक्त्यात लिबएलझेडएमएचे नाव होते. अशी ती मागच्या दाराने आत आली. सुदैवाने डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोचली नव्हती.

लिबएलझेडएमएसारख्या लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच डीएलओपनने मागवायच्या, असे सिस्टमडीच्या मंडळींनी तोवर ठरवलेच होते. पण मग पॅकेज बांधणाऱ्या साधनांना त्या दिसणार कशा? जून २०२४ च्या २५६ व्या आवृत्तीत त्यांनी एल्फ फाइलीतच एक चिठ्ठी ठेवली. तिच्यात लायब्ररीचे नाव असते आणि ती अत्यावश्यक आहे, असली तर बरी, की केवळ सुचवलेली, हेही असते. ही चिठ्ठी मात्र लिंकर आपणहून लिहीत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ती आठवणीने लिहावी लागते.