तीस श्वासांचा व्यायाम

कोवळ्या वयात मधुमेह जडलेल्या मुलांना साखर मोजायला शिकवले जाते, रक्तवाहिन्या जपायला मात्र फारसे कोणी शिकवत नाही. याची किंमत अमेरिकेतल्या ‘टुडे’ अभ्यासाने दाखवून दिली. दहा ते सतरा वर्षे वयात टाइप २ मधुमेह झालेली मुले त्यात होती. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे सरासरी वय जेमतेम २६ होते. तेवढ्यात ६७.५ टक्के जणांना उच्च रक्तदाबाने आणि ५४.८ टक्के जणांना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले होते. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे, तेव्हा हे दुखणे परक्यांचे म्हणून सोडून देता येणार नाही.

हृदय आणि मूत्रपिंड एकदमच का बिघडतात? दोघांचे नशीब रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराशी बांधलेले आहे. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे वाहिनी सैलावते. सततच्या वाढलेल्या साखरेने ते निकामी होऊ लागते, वाहिन्या ताठर होतात आणि दाब चढतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेला दाब त्यांच्यावर आदळतो आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागते. म्हणजे अस्तर सांभाळले, तर दोन्ही अवयवांची राखण होते.

श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम इथेच महत्त्वाचा ठरतो. मुठीत मावणारे उपकरण, नाकाला चिमटा आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेला अडवणारी झडप, एवढेच साहित्य. सहा-सहा श्वासांच्या पाच फेऱ्या, मध्ये मिनिटभर विसावा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संशोधकांनी ५० ते ७९ वयाच्या ३६ जणांवर हा प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने आपल्या कमाल ताकदीच्या ७५ टक्के भाराने आठवड्यातून सहा दिवस तीस-तीस श्वास घेतले, दुसऱ्याने नाममात्र भाराने. सहा आठवड्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला आणि अस्तराचे कामही सुधारले. व्यायाम थांबवल्यावर सहा आठवड्यांनीही बराचसा लाभ टिकून होता.

यावर पहिला आक्षेप असा, की हा तर आपला प्राणायामच. पण प्राणायामात श्वासाची लय साधायची असते, इथे भार पेलायचा असतो. भाराला महत्त्व आहेच. ब्राझीलमध्ये मधुमेहींना ३० टक्के भार दिला, तेव्हा स्नायू बळकट झाले, पण व्यायामक्षमता वाढली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोलोरॅडोचा पुरावा वयस्कांचा आहे, तरुण मधुमेहींचा नव्हे. हे मान्यच करायला हवे, आणि म्हणूनच ही पद्धत उपचार म्हणून नव्हे, तर तपासून पाहण्याजोगी जोड म्हणून पुढे यावी. चालणे, औषधे, इन्सुलिन यांपैकी काहीही तिच्यापायी सुटता कामा नये. डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल किंवा फुप्फुसाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपकरण तोंडाला लावू नये.

तरीही हा विषय लावून धरला पाहिजे. कॉलेज, क्लास, नोकरीच्या धावपळीत तासभर व्यायाम ज्यांना जमत नाही, त्यांना पाच-दहा मिनिटे जमू शकतात. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी तरुण मधुमेहींवर ७५ टक्के भाराचे प्रयोग हाती घ्यावेत, रक्तदाब आणि लघवीतले अल्ब्युमिन नियमित मोजावे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसचा खर्च सोसण्यापेक्षा ही चाचणी कितीतरी स्वस्त पडेल.