तांबड्यापलीकडचा निरोप्या

पुष्कळ घरांत कपाटाच्या खालच्या खणात एखादा जुना, बटणांचा मोबाइल फोन पडलेला असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीचा, किंवा या शतकाच्या पहिल्या चार-सहा वर्षांतला. विद्युतघट भरला की तो चालूही होतो. पण त्याच्या पोटात जे आहे ते बाहेर कसं काढायचं, हे घरात कोणाला ठाऊक नसतं. त्यात कधी वारलेल्या वडिलांनी पाठवलेले चार-चार ओळींचे निरोप असतात, तर कधी सिमकार्डावर न ठेवता फोनमध्येच साठवलेले नातलगांचे नंबर. अशा फोनच्या माथ्यावर किंवा कडेला काळसर तांबड्या प्लास्टिकची लहानशी खिडकी दिसली, तर तो टाकून देऊ नका. ती खिडकी म्हणजे त्या फोनचं तोंड आहे, आणि कानही तीच.

या खिडकीतून जो प्रकाश ये-जा करतो त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. 'रक्त' म्हणजे तांबडा, 'अव' म्हणजे खालचा. इंद्रधनुष्याचा तांबडा पट्टा संपतो तिथे आपली नजर संपते, प्रकाश पुढे चालूच राहतो. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे उष्णता अधिक भरली! या अदृश्य प्रकाशाची उघडझाप करून निरोप पाठवता येतो.

आता आपण म्हणाल, आमच्या दूरचित्रवाणीचा रिमोटही याच प्रकाशावर चालतो. मग त्याचा रिसीव्हर आणून लॅपटॉपला जोडला की काम झालं! बहुतेकांची फसगत होते ती इथेच. प्रकाश एकाच जातीचा असला, तरी भाषा दोन आहेत. रिमोटचा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्याचा रिसीव्हर तेवढी लुकलुक ओळखून बाकीच्या उजेडाकडे दुर्लक्ष करतो. शिवाय हे बोलणं एकतर्फी; रिमोट हुकूम सोडतो, उत्तर ऐकत नाही. संगणकांसाठी मात्र १९९३ साली निरनिराळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'आयआरडीए' नावाचा संघ स्थापला आणि पुढच्या वर्षी नियम ठरवले. त्यात प्रकाशाचे अतिशय आखूड झटके असतात आणि बोलणं दुतर्फा चालतं. म्हणून बाजारात विचारताना नुसता 'इन्फ्रारेड' शब्द पुरेसा नाही; वस्तूवर 'आयआरडीए' असं लिहिलेलं आहे की नाही, ते पाहून घ्यावं.

ही दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तरी कशी? एस्‌.टी.च्या प्रवासात दोन अनोळखी माणसं आधी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारपूस करतात, आणि गावाचं नाव निघताच मराठीवर येतात. तसंच इथे होतं. प्रथम सेकंदाला ९,६०० बिट अशा संथ चालीत ओळखदेख होते. मग 'तुला किती वेग झेपतो?' असं विचारून दोघांना मानवेल तो वेग ठरतो. साधारण फोनसाठी तो जास्तीत जास्त १,१५,२०० बिट असतो. या वेगाने दहा लाख अक्षरांचा मजकूर जायला दीड मिनिट तरी लागतं. घाई करण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. लॅपटॉप जुना असेल, तर त्याच्या मागे किंवा बाजूला तशीच तांबडी खिडकी आहे का, पाहा. खिडकी असूनही काम होत नसेल, तर यंत्र सुरू होतानाच्या 'बायोस' नावाच्या मूळ सेटिंगमध्ये ती सोय बंद ठेवलेली असण्याचा संभव असतो. ती चालू करावी. खिडकी नसेल, तर यूएसबीला लावायचा आयआरडीए जोड घ्यावा. मग फोनच्या यादीतून इन्फ्रारेड चालू करावं. जोडीदार सापडला नाही, तर काही वेळाने ते आपोआप बंद होतं, हे ध्यानात असू द्या. दोन्ही खिडक्या समोरासमोर, वीतभर अंतरावर ठेवाव्यात. नियमाप्रमाणे पल्ला एक मीटरचा आहे, आणि सरळ रेषेपासून १५ अंशांपर्यंतच बाजूला सरकलेलं चालतं. उन्हाची तिरीप मात्र खिडकीवर पडू देऊ नये. उन्हातही हाच प्रकाश भरपूर असतो आणि त्या गलक्यात निरोप हरवतो.

खिडकी जिवंत आहे की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. हल्लीच्या मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरा. पुष्कळ कॅमेऱ्यांना हा प्रकाश फिकट जांभळा दिसतो. आधी घरातला रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबून आपल्या कॅमेऱ्याला तो दिसतो का, याची खात्री करून घ्यावी.

जोडणी जमली, की फोनच्या कंपनीने त्या काळी दिलेल्या प्रोग्रामातून नावं आणि निरोप उतरवून घेता येतात. काय काय मिळेल, ते फोनच्या बनावटीवर अवलंबून असतं. हृदयाचे ठोके मोजणारी काही जुनी घड्याळं आणि रक्तातली साखर मोजणारी काही यंत्रंही याच खिडकीतून आपली नोंदवही उघडतात.

पुढे ब्लूटूथ आलं. त्याच्या रेडिओलहरी खिशातूनही पोहोचतात, समोरासमोर बसण्याची अट नाही. त्यामुळे लॅपटॉपवरच्या या खिडक्या हळूहळू नाहीशा झाल्या. २०१८ साली लिनक्सच्या गाभ्यातूनही आयआरडीएची सोय काढून टाकण्यात आली. जुन्या जोडांना नव्या संगणकावर चालवणारे ड्रायव्हर पुष्कळदा मिळत नाहीत. म्हणून घरात किंवा शेजारी विंडोज एक्सपीचा एखादा जुना लॅपटॉप असेल, तर तो भंगारात घालण्याआधी हे एवढं काम त्याच्याकडून करून घ्या. फोनचा विद्युतघट फुगला, लॅपटॉप मोडीत गेला, म्हणजे दोघांमधला दुभाषा कायमचा गेला. वडिलांचे ते निरोप फोनमध्ये असतील. पण ते वाचून दाखवणारं कोणी उरणार नाही.