ओल्या लाकडाचा कारभार

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी झाडांविषयी जो मजकूर आहे तो मराठी वाचकाला परिचित आहे: सागवानासारखे लाकूड लागेल तर हुजूरचा परवाना घेऊन तोडावे, आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच झाले तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. तोडीचा असा बंदोबस्त राज्याला करता येतो. परंतु तोडलेल्या झाडातून पाणी कोणत्या वेगाने बाहेर पडावे याविषयी कोणत्याही दरबाराचा हुकूम चालत नाही, आणि सुताराच्या कामाचे पुढचे बरेचसे यशापयश त्या वेगावरच अवलंबून असते.

ताज्या लाकडात पाणी किती असते याची कल्पना आपणांस सहसा नसते. ते मोजण्याची रीत अशी की, फळीच्या टोकापासून हातभर आत सरकून एक लहान तुकडा कापावा, तो ताबडतोब तोलावा, मग १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्याचे वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावा, आणि जेवढी घट झाली तिचे प्रमाण कोरड्या वजनाशी काढावे. १५० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला तर ओलावा ५० टक्के. हलक्या जातीच्या लाकडात हा आकडा १०० च्याही पुढे जातो, म्हणजे तेथे लाकडापेक्षा पाणीच वजनाने अधिक. यांतले पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी निघून गेले तरी लाकडाचा आकार बदलत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला म्हणजे पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते आणि तेथून लाकूड आकसू लागते. हॅरी टीमन या अमेरिकन संशोधकाने १९०६ मध्ये ही सीमा निश्चित केली.

आकसण्यातही पक्षपात आहे. लांबीत ते जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे पुष्कळ. आणि वलयांच्या अंगाने त्याच्याही सुमारे दुप्पट. म्हणूनच बुंध्याची आडवी चकती कापून तिचे मेज करण्याची हौस बहुधा फसते: परीघ जितका आखडू पाहतो तितका व्यास आखडत नाही, आणि सालीपासून गाभ्यापर्यंत पाचरीच्या आकाराची एक भेग उघडून ते भांडण मिटते. १६२८ मध्ये बुडालेले ‘वासा’ हे स्वीडनचे जहाज १९६१ मध्ये समुद्रातून वर काढल्यावर त्याची लाकडे फाटू नयेत म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याचे फवारे त्यावर १७ वर्षे मारावे लागले. पाण्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढणे हाच तेथे उपाय होता. एका मेजासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

परंतु चकती सोडून सरळ चिरलेली फळीही फाटते. तिचा बाहेरचा थर आधी सुकतो, आतला ओलाच असतो. धुऊन आटलेला सदरा अंगावर ताणून चढवावा तसा बाहेरचा थर आतल्या फुगीर लाकडावर ताणला जातो, आणि ताण असह्य झाला की जेथे दुबळेपणा असेल तेथे उसवतो. म्हणजे अशी फळी फाटते ती वाळल्यामुळे नव्हे, तर तिचे वाळणे आतबाहेर सारखे न झाल्यामुळे; आणि या विद्येतले जेवढे म्हणून उपाय आहेत ते सारे बाहेरच्या थराला आतल्यासाठी थांबवून धरण्याचे आहेत.

ब्रह्मदेशातल्या सागाची जुनी रीत घ्या. उभ्या झाडाच्या बुडाशी साल व तिच्याखालचे पांढरे लाकूड सभोवार कोरून काढीत. झाड जागच्या जागी मरे आणि दोन-तीन वर्षे तसेच उभे राही. ओला साग पाण्यात बुडतो आणि असा वाळलेला तरंगतो, म्हणून नदीतून ओंडके वाहून नेण्यासाठी ही सोय होती हे खरे. पण अंगावर साल असल्यामुळे ओलावा सावकाश निघे, हा लाभही त्याच व्यवहारात पदरात पडे.

आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, थंडीत तोड करावी, म्हणजे सुरुवातीचे नाजूक महिने सौम्य हवेत निघतात. वैशाखातल्या झळांत पाडलेल्या ओंडक्याची तोंडे काही दिवसांतच ताऱ्यासारखी फुटलेली दिसतील. पाणी लाकडाच्या उभ्या नळ्यांतून टोकाकडे जितक्या सहज धावते तितके ते बाजूंनी झिरपत नाही; म्हणून कापताक्षणीच दोन्ही टोकांना मेण, डांबर, जाड रंग किंवा काहीच नसेल तर शेणमाती थापावी. हे काम उद्यावर टाकणारा माणूस पुढे प्रत्येक फळीची टोके छाटून फेकतो. मग ओंडका चिरावा, गाभ्याची फळी वेगळी काढावी, आणि बाकीच्या फळ्यांची थप्पी छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच ठोकळ्यांवर रचावी. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर घालाव्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर यावी. ती चार बोटे सरकली की वरचा भार फळीला बाक आणतो, आणि तो बाक पुढे रंध्याने काढावयाचा म्हणजे निम्मी जाडी भुसा होते. इंचाच्या जाडीला एक वर्ष हा वखारीतला ठोकताळा सरसकट खरा नाही. सावर, पांगारा, आंबा लवकर वाळतात, किंबहुना त्यांना लवकर वाळवावेच लागते, नाहीतर बुरशी चढून लाकूड काळवंडते. उलट ऐन आणि धावडा यांची घाई केली की पृष्ठभागावर भेगांची जाळी उमटते. वाडगा कातणारा कातारी निराळी युक्ती करतो: ओल्या ठोकळ्यातूनच व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड भिंत ठेवून ओबडधोबड वाडगा काढून घेतो, तो वाळताना लंबगोल होऊ देतो, आणि मग दुसऱ्यांदा लेथवर चढवून गोल करतो.

देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने, जिची स्थापना १९०६ ची, हिंदुस्थानातल्या लाकडांची त्यांच्या वाळण्याच्या स्वभावानुसार वर्गवारी केली आणि भट्टीत वाळवण्याची वेळापत्रके बसवली. भट्टी म्हटले की लोकांना कोरडी धग आठवते. प्रत्यक्षात चांगल्या भट्टीत आरंभी वाफ सोडून हवा दमट राखतात, आणि लाकूड आतून जसजसे कोरडे होईल तसतशी उष्णता चढवीत दमटपणा उतरवतात. घाई झाली असेल तर भेग न पडताही दोष आत दडून राहतो. तो पकडण्यासाठी फळीची आडवी काप घेऊन तिचा मधला भाग कोरतात, म्हणजे दोन दात्यांचा काटा उरतो. दाते आत झुकले तर लाकडात ताण कोंडला आहे असे समजून पुन्हा वाफ द्यावी. ही परीक्षा मला सगळ्या यंत्रांपेक्षा अधिक विश्वासाची वाटते.

एवढे करूनही लाकूड कायमचे कोरडे होत नाही. हवेशी त्याची देवघेव चालूच असते: कोकणातल्या श्रावणात ते १६-१८ टक्क्यांवर स्थिरावू पाहते, तर देशावरच्या उन्हाळ्यात ६-७ टक्क्यांकडे उतरू लागते, आणि फूटभर रुंदीच्या सागवानी फळीत तेवढ्यापायी पाचेक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. जाणता सुतार म्हणून दाराच्या चौकटीत फळी खिळ्याने वा सरसाने जखडत नाही. खाचेत मोकळी बसवतो आणि कडेला हलण्यापुरती जागा राखतो. ती जागा ज्याला गबाळेपणा वाटतो असा घरमालक ती बुजवून घेतो, चैत्र-वैशाखात फळी मधोमध उभी फाटते, आणि बोल लागतो तो वखारवाल्याला.